नथवालीची ओटी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळण्याची माझी रीत ठरलेली होती. दर ज्येष्ठात उत्सवाची मंडळी घरी येत आणि म्हणत, "बाबूजी, यंदा तो किस्सा तुमच्या तोंडून होऊ द्या." मी गळ्याला हात लावून घसा बसल्याचं सांगत असे. लोकांना तो माझा नम्रपणा वाटे. स्वतःच्या चांगल्या कामाविषयी बाबूजी बोलत नाहीत, असं ते आपसांत बोलत आणि मग दुसराच कोणी तो किस्सा सांगे. मी पहिल्या रांगेत बसून ऐके. माझ्या अंगावर शाल असे.

आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. घसा ठणठणीत आहे. तो कधी बसलाच नव्हता.

ज्येष्ठ उतरणीला लागला की आमच्या जबलपूरचे काळे दगड रात्रभरसुद्धा निवत नाहीत. मदन महालाच्या टेकडीवरचे ते एकावर एक तोललेले गोलसर धोंडे सकाळी हात लावला तरी कोमट लागतात. आमच्या मोहल्ल्यात, गोरखपूरच्या बाजारात, जांभळांच्या टोपल्या येतात आणि रस्त्यावर जांभळे डाग पडतात. नर्मदा तेव्हा सगळ्यात रोड असते. घाटाच्या ज्या पायऱ्या आठ महिने पाण्याखाली होत्या त्या उघड्या पडतात, शेवाळ वाळून त्यांच्यावर खपल्या धरतात. पाणी मात्र असं निवळशंख, हिरवं की तळाचा गोटा न गोटा मोजावा. आणि एखाद्या सकाळी वरच्या अंगाने वारा येतो. त्याला ओल्या मातीचा वास नसतो अजून, नुसता गारवा असतो. घाटावरचा नावाडी गेंदलाल नाक वर करून म्हणायचा, "बाबूजी, खबर आ गई. अब ये लोग चलेंगे."

ये लोग म्हणजे मासे. आमच्याकडे महाशीर आहे. इथले नावाडी तिला बाडस म्हणतात. मोठी, सोनेरी अंगाची, तळहाताएवढ्या खवल्यांची. पाणी चढायला लागलं की ती प्रवाहाच्या उलट वर निघते, जिथे लहान नद्या येऊन मिळतात तिथल्या गोट्यांत अंडी घालायला. वर धरण झाल्यापासून तिची वाट आखूड झाली आहे, पण ती निघते. त्या दोन महिन्यांत मासेमारीला बंदी असते. ती बंदी पाळली जाते की नाही हे पाहण्याचं काम सरकारने ज्यांच्याकडे दिलं होतं, त्यांपैकी मी एक होतो. खात्याचं नाव लिहीत नाही. खात्याचा यात दोष नाही.

बंदीचे छापील कागद मी घाटावरच्या खांबांना चिकटवत असे. लोक त्यांत चणे बांधून नेत. एकदा घरी आल्यावर मी त्यावरून चिडचिड करत होतो, तर माझी बायको कमल पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुमचा कागद कोण वाचून राहिलं? बायांच्या हाती द्या ते काम."

कमल पवनीची. वैनगंगेच्या काठची. तिच्या घरी मासळीशिवाय जेवण व्हायचं नाही, पण ज्येष्ठाच्या शेवटापासून पुढले दोन महिने चुलीवर मासा चढत नसे. तिची आई सांगे की मासोळी बाळंतपणाला माहेरी चालली आहे, तिच्या वाटेत जाळं घालून बसायचं नाही. लेकीला सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी धाडतात, तशी ही पाठवणी. एवढंच. त्यात कुठला कायदा नव्हता.

पहिल्या वर्षी गल्लीतल्या सात बायका घाटावर गेल्या. चार मराठी, तीन इकडच्या. इकडच्यांना ओटी कळेना, तेव्हा कमल म्हणाली, "गोदभराई समझो, दीदी." मग सगळ्यांना कळलं. तांदळाच्या पिठाच्या गोळ्या, थोडा गूळ, जांभळीच्या पानावर. प्लास्टिक नाही, निर्माल्य नाही, नदीत कापड सोडायचं नाही, हे तिने पहिल्याच वर्षी दटावून सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्यांचे नवरे आले, मुलं आली, सासवा आल्या. डबे आले. बांबूच्या कामट्यांचा आणि पळसाच्या पानांचा लांबलचक मासा मुलांनी केला आणि गोरखपूरपासून घाटापर्यंत खांद्यावर नेला. त्याची शेपटी पानवाल्याच्या दुकानाला घासून अर्धी तुटली, आणि पुढे दरवर्षी तिथे पोचलं की मुलं शेपटी सांभाळायला ओरडू लागली. तिसऱ्या वर्षापासून लोक त्याला उत्सव म्हणू लागले. बंदीच्या पहिल्या रविवारी, घरची सगळी माणसं घेऊन यायचं, डोहावर माशांना ओटी द्यायची, आणि त्या दोन महिन्यांत घरात मासा आणायचा नाही अशी शपथ नदीकडे तोंड करून घ्यायची. मी खांबांवर कागद चिकटवून जे दहा वर्षांत केलं नव्हतं ते बायकांनी तीन वर्षांत केलं. मला त्याचा आनंद होता. हे मी खरं लिहितो आहे, कारण पुढचं वाचताना कोणाला वाटेल की मी पहिल्यापासूनच तसा होतो.

गेंदलाल कमलला घाटावरच भेटला. काळा, उंच, कमरेला गमछा, दात पानाने लाल. त्याची नाव होती आणि मासेमारीचा परवाना होता. डोह त्याच्या ओळखीचा होता. घरंच्या घरं तो नावेत बसवून डोहावर नेई, वल्ह्याने पाण्यावर तीनदा थाप मारी आणि म्हणे, "चुप. अब देखो." खालून आधी सावली येई, मग सोनं. सगळ्यांत मोठी जी मादी वर यायची तिच्या ओठात जुना गळ रुतलेला होता. कधीतरी तोडून निसटली असेल. तो गळ ऊन पडलं की चमकायचा. पोरांनी तिचं नाव नथवाली ठेवलं. कमल तिच्याशी बोलायची. "आलीस का बाई. जेव. लांब जायचं हाय."

गेंदलालला हे ऐकून हसू येई. "दीदी, ये मराठी समझती है क्या?"

"तुह्यापेक्षा जास्त समजते," कमल म्हणे. तो मराठी बोलायचा नाही, पण तिचं सगळं त्याला कळे.

राखीला तो घरी यायचा. धुतलेला सदरा घालून, पळसाच्या पानात गुंडाळलेले भुट्टे घेऊन. कमलला भाऊ नव्हता. ती त्याला पाटावर बसवून ओवाळायची आणि तो सगळा वेळ स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत बसायचा.

पाचव्या वर्षीची गोष्ट.

बंदी सुरू झाली त्याच आठवड्यात आमच्या साहेबांकडे बाहेरगावचे पाहुणे येणार होते. शनिवारी दुपारी विश्रामगृहावर जेवण. साहेबांनी मला बोलावलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले की पाहुण्यांनी इथल्या बाडसची फार तारीफ ऐकली आहे. एवढंच. आण म्हणाले नाहीत. मी 'देखता हूँ सर' म्हणालो. माझी बढती तेव्हा अडलेली होती. साहेबांच्या शेऱ्यावर अवलंबून होती. ते सांगून मी सहानुभूती मागत नाही. नाही म्हटलं असतं तर बढती दोन वर्षं लांबली असती, दुसरं काही झालं नसतं. मी हा हिशेब नंतर पुष्कळदा केला आहे.

मी गेंदलालकडे गेलो. तो नावेला डांबर लावत होता. मी म्हणालो, "एक चाहिए. मंझोली."

तो आधी हसला. त्याला थट्टा वाटली. मग म्हणाला, "बाबूजी, अभी तो सब पेट से हैं."

"एक से क्या होता है."

"परसों दीदी का मेला है. मैं नहीं कर पाऊँगा." त्याने ब्रश पुन्हा डबीत बुडवला. "किसी और से कह दो. मैं देखूँगा भी नहीं."

दोनदा नाही म्हणाला तो. मग मी जे बोललो ते आवाज न चढवता बोललो. "तुम्हारे परवाने का कागज भी इसी हफ्ते मेरी टेबल पर आना है, गेंदलाल."

तो बराच वेळ डांबर लावत राहिला. त्याच जागेवर, पुन्हा पुन्हा.

शनिवारी उजाडताना मागच्या दाराची कडी वाजली. कमल अंघोळीला गेली होती. गेंदलाल दारात उभा, खांद्यावर ओलं पोतं. पोतं मंझोल्या, मध्यम माशाचं नव्हतं. त्याचा खांदा वाकला होता. त्याने विचारलं, "खोल के देखेंगे?"

मी म्हणालो, "नहीं."

तेव्हा बघितलं असतं तर काय झालं असतं, मासा तर मेलेलाच होता, असं मी स्वतःला सांगत आलो. पण त्याने ते विचारलं होतं. मी बघावं, हे त्याला हवं होतं. मी जीपवाल्याला हाक मारली.

विश्रामगृहाच्या टेबलावर खानसाम्याने तळलेली गाबोळी, तिची अंडी, आधी आणली. मोठी परात भरून. मग तुकडे. आणि गंमत म्हणून एका बशीत तो गळ, घासून पुसून, लिंबाच्या फोडीशेजारी. पाहुण्यांनी तो उचलून विचारलं की हे काय आहे. साहेब म्हणाले, "पहन के आई थी आपके लिए." सगळे हसले. मीही हसलो. मी जेवलोही. चव चांगली होती. एवढं सगळं लिहितो आहे तर तेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी रविवार. घाटावर दीडदोनशे माणूस. पळसाचा मासा, मुलांच्या गळ्यांत कागदी माशांच्या माळा, डब्यांतल्या सांबारवडीचा वास. कमलने हिरवं लुगडं नेसलं होतं. सई, माझी नात, तेव्हा पाच वर्षांची. ती माझं बोट धरून पहिल्या खेपेच्या नावेत चढली. डोहावर पोचलो तरी गेंदलाल पाण्यावर थाप मारेना. वल्हं आडवं मांडीवर धरून बसला. "आज पानी में कुछ है, दीदी. आज नहीं आएँगी."

"तू मार तर खरं."

त्याने मारली नाही. मग कमलनेच त्याच्या हातातलं वल्हं घेतलं आणि पाण्यावर तीनदा आपटलं. चारपाच लहान सावल्या आल्या. तिने पुन्हा आपटलं. ओटीच्या गोळ्या पाण्यावर फुगून फुटू लागल्या. सईला कंटाळा आला होता, ती नावेच्या तळाशी फळ्यांच्या फटीत बोट घालून खेळत होती. तिने काहीतरी उचकटून काढलं आणि आजीच्या हातावर ठेवलं. "आजी, हे बघ. काचेचं पान."

खवला होता. सईच्या पंज्याएवढा. अजून ओलसर.

नाव काठाला लागली. उतरल्यावर कमलने खवला गेंदलालपुढे धरला. "गेंदलाल, ये क्या है?"

त्याने आधी पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. तो माझ्याकडे आरोपाने बघत नव्हता. तो वाट बघत होता, जसा एखादा आपल्या साहेबाकडे बघतो की आता तुम्ही बोला.

कोणीतरी बाई म्हणाली, "अरे, ये तो बाडस का है." दुसरी म्हणाली, "नथवाली का होगा. इसीलिए नहीं आई." माणसं जवळ सरकली. आणि मी पुढे झालो.

बंदी सुरू झाली की पंचनाम्याचे कोरे कागद माझ्या पिशवीत असायचेच. मी पायरीवर बसलो, गुडघ्यावर फाइल ठेवली आणि लिहायला लागलो. माझं अक्षर चांगलं आहे. दिनांक, स्थळ, नावेच्या तळाशी आढळलेला एक नग खवला, जाळं जप्त. दोन पंच लगेच मिळाले. सगळेच पंच व्हायला तयार होते. मी शाईची डबी उघडून गेंदलालपुढे धरली. त्याचा अंगठा ओला होता, ठसा फिसकटला. मी म्हणालो, "पोंछ के फिर से." त्याने गमछ्याला अंगठा पुसला आणि दुसऱ्यांदा ठसा दिला. ठसा देताना वाकलेला असताना, फक्त मला ऐकू येईल असं, म्हणाला, "लिख लो, बाबूजी."

त्याने माझं नाव घेतलं नाही. तेव्हा नाही, चौकशीत नाही, पुढे कधीही नाही. मी समजत होतो की घाबरला. फार नंतर लक्षात आलं की समोर कमल उभी होती. तिच्या हातात खवला होता आणि तिचा नवरा पंचनामा लिहीत होता. ते घर मोडायचं त्याच्या मनात आलं नसावं.

लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. बायकोच्या मानलेल्या भावालाही सोडलं नाही, असं म्हणाले. साहेबांनी दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते हसत नव्हते, हे विशेष. बढती झाली.

गेंदलालचा परवाना गेला. त्याने नाव विकली. राखीच्या दिवशी तो आला होता, धुतलेला सदरा घालून, पळसाच्या पानात भुट्टे घेऊन. कमल आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. "सांगा त्याले, या घरात त्याची बहीण नाही राहत." मी दारात जाऊन ते हिंदीत सांगितलं. अनुवाद करताना मी ते जरा सौम्य केलं: दीदी की तबीयत ठीक नहीं. त्याला खरं काय ते कळलंच असणार. कमलचं मराठी त्याला माझ्या हिंदीआधी पोचलं होतं. भुट्टे पायरीवर ठेवून गेला. कमलने ते गाईला घातले, पण आधी बराच वेळ नुसती त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

मग तो सिहोऱ्याला गेला, मंडीत पोती उचलायला. नदी नसलेल्या गावात.

मी तीनदा सिहोऱ्याला गेलो. पहिल्यांदा मंडीच्या फाटकातून तो दिसला. पाठीवर गव्हाचं पोतं, मान खाली. मला तो उजाडतानाचा खांदा आठवला आणि मी वळलो. बसस्टँडवर उभ्याने दोन समोसे खाल्ले आणि परतीची बस धरली.

दुसऱ्यांदा त्यानेच मला पाहिलं. "अरे, बाबूजी. यहाँ कैसे?" मी सांगितलं की कामाने आलो होतो. त्याने चहा पाजला. कमलची चौकशी केली. सई शाळेत जाते का विचारलं. मग म्हणाला, "घाट पे पानी कितना है अभी?" मी म्हणालो, "सातवीं सीढ़ी तक." त्याने मान हलवली, जणू पायरी डोळ्यांसमोर आली. मी घरून वाक्य पाठ करून आलो होतो. हिंदीत, कारण त्याला सांगायचं तर हिंदीतच. चहा संपला, दुसरा झाला, वाक्य बाहेर येईना. बस आली तेव्हा गर्दीत त्याने खिडकीतून गमछा आत टाकून माझ्यासाठी जागा धरली. मी बसलो. तो खाली उभा. बस सुटायला आली तेव्हा खिडकीच्या दांड्याला धरून तो म्हणाला, "बाबूजी, मैंने जानबूझ के नहीं पकड़ी उसको. अँधेरा था. जाल खींचा तब नथ दिखी. छोड़ देता, पर मर चुकी थी. दीदी की मछली थी. माफ करना."

आणि मी म्हणालो, "कोई बात नहीं."

मी त्याला माफ केलं. बावीस वर्षांत झोप येत नाही तेव्हा मला पंचनामा आठवत नाही, विश्रामगृह आठवत नाही. हे तीन शब्द आठवतात.

गमछा माझ्याच बाकावर राहिला होता. बस हलली तसा मी तो खिडकीतून त्याच्याकडे टाकला.

कमलच्या शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी तिला पेज भरवत होतो. ती एकदम म्हणाली, "गेंदलाल तसा नव्हता हो. काहून केलं असन त्यानं?" तिचा चेहरा शांत होता, राग संपलेला होता. तिला फक्त समजून घ्यायचं होतं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी चमचा बशीत ठेवला आणि म्हणालो, "लालच. आणखी काय." "मले माणसं समजतच नाहीत मंग," म्हणाली. पुढचा घास तिने घेतला नाही. तिचं माणूस ओळखणं किती बरोबर होतं हे सांगू शकणारा एकटा मी, आणि ती स्वतःला चूक समजून गेली.

तिच्यानंतर मी तिसऱ्यांदा सिहोऱ्याला गेलो. मंडीत एकाने सांगितलं की गेंदलाल मागच्याच थंडीत वारला. "आप उनके कौन?" मी म्हणालो, "जान-पहचान थी."

उत्सव मात्र वाढला. आता त्याची समिती आहे, मंडप आहे, चित्रकलेच्या स्पर्धा आहेत. सई मोठी होऊन समुद्राकाठी शिकायला गेली; देवमाशांच्या येण्याजाण्याचा अभ्यास करते. यंदा मदन महाल स्टेशनावर उतरली ती डोक्यात योजना घेऊनच. "आबा, whale पण सेम करते," असं काहीतरी ती म्हणाली, आणि मी कपाळाला आठी घातल्यावर, "अच्छा, देवमासा. तो पण थंड समुद्रातून गरम पाण्यात येतो, बच्चे देने. आजीची जी ओटी आहे ना, वही चीज आहे." मुलांना समुद्र माहीत नाही, तर समुद्रच घाटावर आणू, नदी स्वच्छ राहिली तर समुद्र स्वच्छ राहील, असं तिचं म्हणणं. गल्लीतल्या बायकांनी जुन्या साड्या शिवून चाळीस हात लांब देवमासा केला. पोटाला कमलचं हिरवं लुगडं आहे. समुद्रापासून इतक्या दूर, नर्मदेच्या पायऱ्यांवर तो वाऱ्याने फुगतो आणि लहान मुलं त्याच्या तोंडातून आत शिरून शेपटीतून बाहेर पडतात. कमलला आवडलं असतं.

सई प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट सांगते. पाच वर्षांची असताना नावेत तिला खवला सापडला आणि तिच्या आजोबांनी सगळ्यांसमोर न डगमगता पंचनामा केला. त्याच दिवशी तिने काय व्हायचं ते ठरवलं. तो खवला तिने चौकटीत घातला आहे. यंदा तिने माझ्या जुन्या ट्रंकेतून पंचनाम्याची नक्कलही शोधून काढली, मोठी छापून मंडपाच्या दारात लावली. माझं वळणदार अक्षर. खाली दोन ठसे, एक फिसकटलेला, एक स्पष्ट. ठशांखाली नाव.

रविवारी सकाळी मी मंडपात लवकर गेलो. सईला सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. कागदापुढे एक बाई उभी होती, हातात पानांच्या दोन्यांची, द्रोणांची टोपली. घाटावर दिवे विकणाऱ्यांपैकी. ओळीखालून बोट फिरवत वाचत होती. मला पाहून तिने पदर सावरला. "बाबूजी, आप ही वो बाबूजी हैं ना? मैं फुलवती. गेंदलाल की लड़की."

चेहरा त्याचाच होता.

"एक बात कहनी थी," ती म्हणाली. "बापू ने गलती की, सो की. सजा भी काट ली. पर मेरे बच्चे इसी मेले में आते हैं. अब पढ़ना सीख गए हैं." तिने ठशांकडे बोट केलं, पण कागदाला लावलं नाही. "नाम पे कागज चिपका देते तो. बस नाम पे."

मंडपात आम्ही दोघेच होतो. मागे देवमासा फुगत होता, आतून कमलच्या लुगड्याचा हिरवा उजेड पडला होता. वाक्य पाठ होतं. बावीस वर्षं पाठ आहे. तिला हिंदी कळते, ती माझ्यासमोर उभी होती, आणि तिने गलती हा शब्द स्वतः उच्चारला होता, म्हणजे मला नुसतं 'नहीं' म्हणून सुरुवात करायची होती.

मी म्हणालो, "देखते हैं."

तिने हात जोडले. टोपलीतून एक दोना काढून माझ्या हातात दिला, पैसे घेतले नाहीत. तासाभराने मला शाल दिली गेली. मी माइकसमोर गेलो, घशाला हात लावला आणि खाली येऊन बसलो.

संध्याकाळी सईने विचारलं, "आबा, तुम्ही रडत होता स्टेज पर. आजीची आठवण?" मी म्हणालो, हो. तेही खोटं नव्हतं, म्हणूनच सोपं गेलं. त्या नावावर मी कागदाची पट्टी चिकटवली, एवढं मात्र केलं. सईला सांगितलं की गरिबाचं नाव कशाला. ती म्हणाली, "आबा, तुम्ही किती चांगले आहात."

आता हे सगळं लिहून झालं, आणि वाचताना लक्षात येतंय की हेसुद्धा मी मराठीत लिहिलं. सई मराठी बोलते थोडं, वाचत नाही. फुलवतीला त्याचा अर्थ लागणार नाही. गेंदलालला वाचताच येत नव्हतं. ज्यांना हे कळायला हवं त्यांपैकी एकालाही न कळणाऱ्या लिपीच्या आड, नव्हे, भाषेच्या आड बसून मी खरं बोलतो आहे. शेवटपर्यंत मी जागा बघूनच बसलो.

म्हणून निदान ते वाक्य, जसं पाठ केलं होतं तसंच, त्याच्या भाषेत इथे ठेवतो. सिहोऱ्याच्या चहाच्या टपरीवर म्हणायचं होतं. बसच्या खिडकीतून म्हणायचं होतं. परवा मंडपात म्हणायचं होतं. शेवटची ओळ मात्र त्या बसनंतर जोडली गेली.

गेंदलाल, मछली मैंने मँगवाई थी. तुमने मना किया था, दो बार. उस दिन बस की खिड़की पर जो तुमने कहा, वो मुझे कहना था.